तातोबामामाची कानपिळी

येरळा नदीच्या काठी एक गाव आहे. प्रत्येक गावाच्या वाट्याला एक तरी भोळा माणूस येतोच, तसा त्या गावाच्या वाट्याला तातोबा आला होता. तो तिथल्या शाळेत शिपाई होता. घंटा द्यायची, खडू आणायचे आणि हेडमास्तर सांगतील ते करायचं. सांगतील ते म्हणजे सांगतील तेच. एकदा हेडमास्तर तालुक्याला जाताना म्हणाले, “कोणी आलं तर बसवून ठेव.” त्या दिवशी पोस्टमन आला, दूधवाला आला आणि शाळा तपासायला मोठे साहेब आले. संध्याकाळी हेडमास्तर परतले तेव्हा तिघंही व्हरांड्यातल्या बाकावर ओळीनं बसलेले होते, आणि समोर तातोबा काठी घेऊन उभा होता.

अशा माणसाला कोणी शेजारच्या गावीही एकटं पाठवत नाही. तातोबाला कोपनहेगनला जावं लागलं.

कारणच तसं होतं. तातोबाची भाची शर्वरी तिकडे नोकरीला होती आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करत होती. मुलाचं नाव लासे. शर्वरीचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तिची आई, म्हणजे तातोबाची धाकटी बहीण इंदू, दोन वर्षांमागे गेली. माहेरचं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, तातोबा. आणि आपल्याकडे लग्न लागताना नवरीच्या मागे मामा उभा राहतो. तो नसेल तर नवरीची पाठ उघडी पडते. शर्वरीनं फोनवर सांगून टाकलं होतं, “मामा मागे नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही.” तातोबाची बायको म्हशी सोडून कुठं जात नसे. तेव्हा तातोबा एकटाच निघाला.

विमानात बाईनं पट्टा बांधायला सांगितला. तातोबानं बांधला. सोडायला सांगितलं ते इंग्रजीत, म्हणून त्यानं तो सोडला नाही. मधे विमान बदलायचं होतं तेव्हा विमानातल्या दोघांनी मिळून सोडवला. दुसऱ्या विमानात पुन्हा तेच. त्यात ते दुसरं विमान एक दिवस उशिरा सुटलं, आणि तातोबा कोपनहेगनला पोचला तो थेट लग्नाच्या दिवशी सकाळी.

“मामा, आता नीट ऐका,” घरी आल्यावर शर्वरी म्हणाली. “लग्न तीन वाजता आहे. कचेरीत लागतं इथं. आपल्याला दहा मिनिटं दिलीत. ती चुकली की पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि तोवर तुमचा व्हिसा संपतो. मी मैत्रिणीकडे तयार व्हायला चाललेय. तुम्ही झोपा.”

“झोप न्हाई येत. बसून बसून अंग आंबलंय. जरा गाव बघून येतो.”

शर्वरीला नाही म्हणवेना. तिनं त्याच्या गळ्यात मोबाइल अडकवला. “हे हिरवं बटण दाबलं की मी बोलेन. आणि एक लक्षात ठेवा. इथं सगळं रांगेनं चालतं. रांग दिसली की मुकाट्यानं शेवटी उभं राहायचं. मधे घुसायचं नाही.”

“आलं ध्यानात,” तातोबा म्हणाला. आणि खरंच आलं होतं.

लग्नासाठी नेसलेलं कोरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा आणि, परमुलखात थंडी फार म्हणून गावानं बरोबर दिलेलं घोंगडं खांद्यावर, असा तातोबा रस्त्यावर आला. जून महिना होता. ऊन पडलं होतं. समोरून एक रांग येत होती.

बारा मुलं होती, चार-चार वर्षांची. सगळ्यांच्या अंगात पिवळी जाकिटं. एक लांब दोरी होती, दोरीला कड्या होत्या आणि एकेका कडीला एकेक मूल धरून चाललं होतं. पुढे बाई होत्या. दोरीची शेवटची कडी मोकळी होती. आपल्यासाठीच ठेवली असणार, असं तातोबाला वाटलं. त्यानं मुकाट्यानं ती धरली.

रांग पुलावरून गेली. बागेतून गेली. मुलं गाणं म्हणू लागली, तेव्हा तातोबानंही मान डोलावली. पुढच्या पोरानं मागे वळून आपलं अर्धं गाजर त्याला दिलं. तळ्याकाठी बाई थांबल्या आणि त्यांनी मुलं मोजली. तेरा भरली. त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा तेरा, आणि त्यातल्या एकाला मिशा होत्या.

बाईंनी हिरवं बटण दाबलं.

“मामा! तुम्ही बालवाडीच्या सहलीत काय करताय?”

“रांग दिसली. शेवटाला हुबा ऱ्हायलो.”

“किती वेळ?”

“तळं येईतवर. चांगली हाईत गं पोरं. गाजर दिलं मला.”

शर्वरीनं बाईंची माफी मागितली. बाई हसल्या, पण मुलं हसली नाहीत. त्यांना तातोबा हवा होता. दोघं तर त्याच्या धोतराला धरून बसली.

“मामा, दुसऱ्याच्या मुलांबरोबर असं जायचं नसतं,” शर्वरी म्हणाली. “मुलापाशी त्याचं स्वतःचं माणूस असावं. मुलापाशी आई असावी. कळलं?”

“मुलापाशी आई असावी. आलं ध्यानात.”

ते ध्यानात ठेवून तो चार गल्ल्या चालला. एका कोपऱ्यावर कॉफीचं दुकान होतं, आणि दुकानाबाहेर भिंतीला लागून तीन बाबागाड्या उभ्या होत्या. तातोबानं पहिलीत डोकावून पाहिलं. आत मूल. दुसरीत पाहिलं. मूल. तिसरीतही मूल. तिघंही गाढ झोपलेली, आणि एकापाशीही आई नव्हती.

त्यानं काचेतून आत पाहिलं. आत बायका निवांत कॉफी पीत होत्या. म्हणजे मुलं बाहेर आणि आया आत, एवढाच घोळ झाला होता. तातोबानं तो दुरुस्त करायला घेतला.

दार अरुंद होतं. पहिली गाडी आत गेली तेव्हा एक टेबल सरकलं. दुसरी गेली तेव्हा दोन कप पडले. तिसरी अडकली, तेव्हा तातोबानं जरा जोर लावला. मग कुठली आई कुठल्या मुलाची हे विचारावं तर भाषा येत नव्हती. त्यानं अंदाजानं वाटप केलं. एक गाडी तांबड्या चष्म्याच्या बाईपुढे लावली. तिच्यापाशी कुत्रं होतं, मूल नव्हतं. दुसरी मधल्या टेबलावर एकत्र बसलेल्या बायकांपुढे लावली. तिसरीला बाईच उरली नाही, तेव्हा ती पेपर वाचत बसलेल्या एका टकल्या आजोबांना दिली. आजोबांनी गाडीत पाहिलं. बाळानं आजोबांकडे पाहिलं. तोंड दोघांनीही वाकडं केलं, पण भोकाड बाळानं पसरलं. मग उरलेली दोन्ही उठली, आणि कुत्रंही सुरात सूर मिसळू लागलं.

हिरवं बटण या वेळी एका आईनं दाबलं.

“मामा, आता काय केलंत?”

“तूच म्हणालीस न्हवं, मुलापाशी आई असावी? नेऊन दिली एकेकाला. एक आई कमी पडली.”

फोनवर मागे कोणीतरी शर्वरीचे केस विंचरत होतं आणि हलू नकोस म्हणत होतं.

“मामा, इथं मुलांना बाहेर मोकळ्या हवेत झोपवतात. चांगली झोप लागते म्हणून. इथली रीतच आहे ती. उघड्यावर कोणी झोपलेलं दिसलं तर त्याला हलवायचं नाही, उठवायचं नाही. फारच माया आली तर पांघरूण सारखं करायचं आणि आवाज न करता पुढं जायचं.”

“उघड्यावर झोपलेल्याचं पांघरूण सारखं करायचं. आलं ध्यानात.”

“आणि मामा, साडेबारा झालेत. घराकडे फिरा आता.”

तातोबा घराकडे फिरला. निदान त्याला ज्या बाजूला घर वाटत होतं त्या बाजूला फिरला. वाटेत एक मोठं मैदान लागलं. हिरवंगार गवत, आणि गवतावर जिकडेतिकडे माणसं झोपलेली. त्या मुलखात वर्षातले आठ महिने आभाळ घोंगडं पांघरून असतं. ऊन पडलं की लोक कामधाम टाकून त्यात येऊन पडतात. तातोबाला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याला दिसलं ते असं, की माणसं उघड्यावर झोपली आहेत आणि एकाच्याही अंगावर पांघरूण नाही. पांघरूण राहो, सदरासुद्धा नाही.

सगळ्यांना पुरेल एवढं घोंगडं नव्हतं. तेव्हा ज्याला सर्वांत जास्त गरज दिसली त्याला द्यायचं तातोबानं ठरवलं. एक चांगला सहा फुटी गडी चड्डीवर उताणा पडला होता. अंग उन्हानं पिकल्या टोमॅटोसारखं झालं होतं. तापच असणार, तातोबा हळहळला. त्यानं आवाज न करता घोंगडं उलगडलं आणि गड्याला डोक्यापासून पायांपर्यंत झाकलं. कडा अंगाखाली नीट खोचल्या. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले.

ते घोंगडं धनगरांनी विणलेलं होतं. ते थंडी वारतं, पाऊस वारतं, पण उघड्या अंगाला असं टोचतं की त्यात अट्टल कुंभकर्णही झोपायचा नाही. थोड्या वेळानं घोंगडं हललं. मग त्यातून आवाज आला. मग चारी दगड चार दिशांना गेले आणि तो गडी घोंगड्यासकट उठून गवतावर गोल गोल धावू लागला.

तातोबा त्याच्यामागून धावला, कारण पांघरूण आता अजिबात सारखं राहिलं नव्हतं.

गड्याचं नाव यॉर्गेन होतं. तो रागीट नव्हता. अंग खाजवून झाल्यावर त्यानं फेटा बघितला, मोबाइल बघितला आणि हिरवं बटण दाबलं. शर्वरी त्याच्याशी इंग्रजीत बोलली. तो आधी ओरडून बोलत होता, मग साधं बोलू लागला, मग पोट धरून हसू लागला. शेवटी त्यानं फोन तातोबाच्या कानाला लावला.

“मामा, कोणाच्या अंगाला असा हात लावायचा नसतो इथं! आधी विचारायचं. तो ‘यॅ’ म्हणाला तरच हात लावायचा. ‘यॅ’ म्हणजे हो.”

“‘यॅ’ म्हणाला तरच. आलं ध्यानात.”

“आता घरी जाऊ नका, वेळ नाही. यॉर्गेन तुम्हाला कचेरीत सोडतो म्हणालाय. त्याच्याबरोबर जायचं आणि तिथंच थांबायचं.” मग तिचा आवाज जरा बारीक झाला. “मामा, तुम्ही याल ना वेळेवर? आज तुमच्याशिवाय माझं कोणी नाही तिथं.”

“येतो की. मी न्हाई तर कोण हुबं ऱ्हाणार मागं?” तातोबा म्हणाला.

यॉर्गेन कपडे घालून सायकल आणायला गेला. तेवढ्यात तातोबानं सदऱ्याच्या खिशातून बायकोनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू काढला. समुद्रावरचा एक पांढरा पक्षी आला, तातोबाच्या मनगटावर बसला आणि लाडू खाऊ लागला. तातोबानं त्याला विचारलं, “हात लावू का?” पक्षी काही बोलला नाही. तातोबानं दोनदा विचारलं. मग लाडूच संपला.

यॉर्गेनची सायकल तीन चाकांची होती आणि तिला पुढे लाकडी पेटी होती. तिकडचे लोक त्यातून मुलं नेतात, भाजी नेतात. पेटीत तातोबा मांडी घालून बसला आणि त्याची वरात शहरातून निघाली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी यॉर्गेननं त्याला कचेरीच्या दारात उतरवलं, हात हलवला आणि तो पुन्हा उन्हात पडायला निघून गेला.

तेवढ्यात गळ्यातला फोन वाजला.

“पोचलात? देव पावला. मी वाटेत आहे, दहा मिनिटांत येते. मामा, आणखी एक काम आहे. मला भाऊ नाही. तेव्हा कानपिळीही तुम्हालाच करायचीय.”

तातोबाची छाती फुगली. कानपिळी म्हणजे मोठा मान. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो आणि नवरदेव काहीतरी भेट देतो तेव्हाच कान सोडतो.

“करतो की! पर मी जावयाला बघितलंय कुठं?” तातोबा म्हणाला. ते खरं होतं. व्हिडिओ कॉलवर त्याला लासेचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसलं होतं.

“लासे तिथं आधी पोचेल. कोटाला पांढरं फूल लावलेला असेल. त्याला मी कानपिळीचं सगळं सांगून ठेवलंय. पण विचारल्याशिवाय हात लावू नका हं, मामा. आधी विचारा, ‘यॅ’ म्हणाला की पिळा, आणि भेट दिली की सोडा.”

“‘यॅ’ म्हणाला की पिळायचा, भेट दिली की सोडायचा. आलं ध्यानात.”

आत लांबच लांब ओसरीसारखी जागा होती. जूनचा महिना, लग्नं दाट होती. दर दहा मिनिटांनी एक जोडपं आत जात होतं, आणि बाकीची भिंतीकडेच्या बाकांवर आपल्या वेळेची वाट बघत होती. काळे कोट घातलेले सात नवरदेव ओळीनं बसले होते. सातही जणांच्या कोटाला पांढरं फूल होतं.

तातोबानं पहिल्यापासून सुरुवात केली.

“नवरदेव का?” त्यानं अदबीनं विचारलं.

नवरदेवानं वर पाहिलं. समोर फेटेवाला प्रेमळ म्हातारा हसत उभा. काय विचारतोय ते कळलं नाही, पण नाही कशाला म्हणा. “यॅ, यॅ,” तो म्हणाला.

तातोबानं त्याचा कान धरला आणि पिळला. दुसरा हात पुढे पसरला. नवरदेव कळवळला. खिशात हात घालून जे हाताला लागलं ते त्यानं तातोबाच्या हातावर ठेवलं. पेपरमिंटची गोळी होती. तातोबानं कान सोडला, नमस्कार केला आणि, फूल तर पुढच्याच्या कोटालाही होतं, म्हणून तो पुढच्याकडे वळला.

दुसऱ्यानं रुमाल दिला. तिसऱ्यानं कंगवा दिला. चौथा धट्टाकट्टा होता, त्याला बराच वेळ पिळावं लागलं, तेव्हा त्यानं चष्म्याची डबी दिली. पाचव्यानं आपण होऊनच कान पुढे केला. त्याला वाटलं, लग्नाआधी ही कचेरीचीच काहीतरी रीत असेल. सहाव्यानं तर होणाऱ्या बायकोला विचारलं की आपल्याला हे आधी का कळवलं नाही. सातव्यानं कोटाचं फूलच काढून दिलं.

शर्वरी धावत आली तेव्हा बाकावर सात नवरदेव बसले होते, सगळे डावा कान चोळत. तिच्यामागून एक उंच, किडमिडीत मुलगा धापा टाकत आला. हाच लासे. फुलाच्या दुकानात गर्दी होती, म्हणून त्याला उशीर झाला होता.

“मामा!” शर्वरी म्हणाली. तिनं ओळीकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. “आधी सगळ्यांच्या वस्तू परत करा. आत्ताच्या आत्ता. एकही ठेवायची नाही.”

तातोबानं एकेकाची वस्तू एकेकाला परत दिली आणि सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. खिशात लाडवाचा चुरासुद्धा उरला नव्हता.

“आता हा बघा. हा लासे.”

लासे कान पुढे करून वाकला. या घटकेसाठी तो सहा महिने मराठी शिकत होता.

“नवरदेव का?” तातोबानं विचारलं.

“हो!” लासे म्हणाला. अगदी स्वच्छ म्हणाला.

तातोबानं हात मागे घेतला. “ह्यो न्हवं, बाई. ह्यो ‘यॅ’ म्हणत न्हाई.”

“अहो मामा...” पण तेवढ्यात आतून नावं पुकारली. तीन वाजले होते.

आतली खोली लहान आणि नेटकी होती. टेबलामागे काळ्या झग्यातल्या अधिकारी बाई उभ्या होत्या. शर्वरी आणि लासे त्यांच्यासमोर उभे राहिले. एका बाजूला लासेची आई डोळे टिपत बसली होती. आणि शर्वरीच्या मागे, हातभर अंतरावर, फेटा सारखा करून तातोबा उभा राहिला. शर्वरीनं एकदा मान वळवून तो आहे ना ते पाहिलं, आणि मग ती सरळ उभी राहिली.

बाईंनी दोन शब्द बोलून लासेला विचारलं, ही बायको म्हणून पत्करशील का.

“यॅ,” लासे म्हणाला.

“आत्ता म्हणाला!” तातोबा ओरडला. तो एका ढांगेत पुढे आला आणि त्यानं लासेचा कान चांगला पीळ देऊन धरला. लासे तयारीचाच होता. त्यानं खिशातून मनगटी घड्याळ काढून दिलं. तातोबानं ते तिथल्या तिथं मनगटाला बांधलं, कान सोडला आणि तो जागेवर गेला. अधिकारी बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि त्या शर्वरीकडे वळल्या.

शर्वरीला हसू आवरत नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं. इंदू गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. कशीबशी ती म्हणाली, “यॅ.”

तातोबा क्षणभर घुटमळला. नवरीचा कान कोणी पिळलेला त्यानं पाहिला नव्हता. पण सांगितलं ते सांगितलं. त्यानं हलक्या हातानं भाचीचा कान धरला. शर्वरीनं केसांतलं एक फूल काढून त्याला दिलं. ते त्यानं फेट्यात खोवलं, कान सोडला आणि तो पुन्हा मागे जाऊन उभा राहिला.

आता एकच गोष्ट राहिली होती. लग्नाला दोन साक्षीदार लागतात, त्यातली एक लासेची आई होती. बाईंनी तातोबाकडे पाहून काहीतरी विचारलं.

“मामा, तुम्ही साक्षीदार आहात का विचारतात,” शर्वरी कुजबुजली. “हो म्हणा. त्यांच्या भाषेत म्हणा, त्यांना कळायला हवं.”

तातोबानं छाती पुढे काढली. “यॅ!” तो खणखणीत म्हणाला.

तातोबाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं नीट विचार केला. मग त्यानं डावा हात वर नेला, स्वतःचा कान धरला आणि पिळला.

बाईंनी सहीसाठी वही पुढे सरकवली. त्यानं एका हातानं सही केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लासेच्या आईनं नव्या सुनेला मिठीत घेतलं, फोटो काढणाऱ्यानं फोटो काढला. बाहेर पुढचं जोडपं दार वाजवू लागलं. तातोबा नवरीच्या मागे तसाच उभा, कान धरून. पीळ चांगला बसला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मामा, झालं लग्न,” शर्वरी म्हणाली. “सोडा आता तो कान.”

“सोडू कसा, बाई?” तातोबा म्हणाला. “ह्या गड्यानं अजून काय दिलंच न्हाई.”